दवाखाना बेळगावात, शाळा चंदगडात. मधलं कुणी सांगायचं?

बेळगाव : गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चंदगड तालुक्यातल्या एका गावातली सातवीतली मुलगी आठ दिवस बेळगावच्या एका दवाखान्यात होती, त्यातले तीन दिवस आयसीयूत. घरी आली, चार दिवस पडून राहिली आणि मग शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी परिपाठाला रांगेत उभी असताना तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. बाईंनी तिला सावलीत बसवलं, तोंडावर पाणी मारलं, "सकाळी खाऊन आली नाहीस काय गं?" म्हणून विचारलं. तेवढ्यात तिच्या बाकावरची मैत्रीण वर्गात पळत गेली आणि दप्तरातनं गुळाचा खडा घेऊन आली. मुलीने तो चघळला आणि दहा-पंधरा मिनिटांत ती सावरली.

बाईंना नवल वाटलं ते गुळाचं. मैत्रिणीला विचारलं तर आधी गप्प. मग म्हणाली, "तिला साखर आहे बाई. कुणाला सांगू नको म्हणाली होती."

मुलीला टाइप वन मधुमेह आहे. शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद झालेलं. गोळीने भागत नाही, दिवसातून तीन-चार वेळा सुई घ्यावीच लागते, आणि सुई घेतल्यावर खाणं पुढं-मागं झालं की साखर एकदम खाली येते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, यात आई-बापाची चूक नसते. हे सगळं दवाखान्यात सांगितलेलं होतं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलंही होतं, इंग्रजीत. ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी ट्रंकेत ठेवलेलं. शाळेच्या हजेरीपटावर मात्र कारण होतं 'ताप'.

वडील बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला येतात. तिथं चहाच्या गाड्यावर त्यांची माझी गाठ पडली. ते म्हणाले, "सर, शाळेत सांगायचं म्हणजे गावात सांगितल्यासारखंच की. उद्या पोरीचं लग्न करायचंय. आणि हेडसरांनी आमची जबाबदारी नाही म्हणून घरी बसवली तर?" दवाखान्यातून शाळेत काय सांगायचं ते कुणी समजावलं होतं काय, असं विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. दवाखान्याचा आणि शाळेचा संबंध काय, असा त्यांचा चेहरा झाला.

हा संबंध जोडणं हेच ज्यांचं काम, अशी माणसं जगात आहेत. अमेरिकेत आणि कॅनडात त्यांना 'चाईल्ड लाइफ स्पेशालिस्ट' म्हणतात. मी चार शिक्षकांना हे नाव विचारलं, तर तिघांना १०९८ ची चाईल्डलाइन वाटली. ती वेगळी. संकटातल्या मुलांसाठीची ती हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आजही उपयोगाची आहे. चाईल्ड लाइफ स्पेशालिस्ट हा डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि मानसोपचारतज्ज्ञही नव्हे. आजारी मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा भाषेत काय चाललंय ते सांगणं, खेळातून त्याची भीती कमी करणं, आणि दवाखान्याच्या बाहेरचं त्याचं आयुष्य, म्हणजे घर, भावंडं, शाळा, तुटू न देणं हे त्याचं काम.

एमा प्लँक यांचा वॉर्ड

या कामाची सुरुवात सांगताना एमा प्लँक यांचं नाव घ्यावंच लागतं. मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसोरी पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिका. १९३८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. १९५५ मध्ये क्लीव्हलँडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये डॉ. फ्रेडरिक रॉबिन्स यांनी त्यांना बोलावून घेतलं. हे रॉबिन्स म्हणजे पोलिओच्या विषाणूवरील कामासाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले. विषाणू ओळखणाऱ्या माणसाला वॉर्डात पडून राहिलेल्या मुलांसाठी शिक्षिका हवी वाटली, हे मला फार मोठं वाटतं. तेव्हा क्षय, पोलिओ असल्या आजारांत मुलं महिनोन्महिने दवाखान्यात असत. त्यांच्यासाठी प्लँक बाईंनी जो विभाग उभा केला त्याचं नावच 'चाईल्ड लाइफ अँड एज्युकेशन' होतं. म्हणजे शिक्षण हा या कामाला नंतर लावलेला ठिगळ नाही, पहिल्या दिवसापासून ते नावातच आहे. १९६२ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं, १९८२ मध्ये या कामातल्या माणसांची संघटना झाली, पुढं परीक्षा आणि प्रमाणपत्र आलं. आज पदवी, ठरावीक विषयांचा अभ्यास, ६०० तासांची इंटर्नशिप आणि मग परीक्षा, असा रस्ता आहे.

शाळेच्या बाबतीत ते करतात काय? समजा रक्ताचा कर्करोग झालेला नऊ वर्षांचा मुलगा शाळेत परत जायचा आहे. केस गेलेले, तोंड सुजलेलं, छातीला औषधाची नळी बसवलेली. स्पेशालिस्ट आधी मुलाबरोबर बसतो. बाहुलीला तशीच नळी लावून दोघं खेळतात. मग विचारतो, शाळेत कशाची भीती वाटते? बऱ्याचदा उत्तर मोठ्यांना वाटतं ते नसतं. बुडलेल्या अभ्यासाची भीती नसते. कुणी टोपी ओढली तर काय करू, याची असते. मग पुढचा प्रश्न: वर्गाला काय सांगू दे, काय नको? तू वर्गात असताना सांगू की नसताना? मुलाने 'हो' म्हटल्यावर, आई-वडिलांची संमती घेऊन, तो शाळेत जातो. शिक्षकांना वेगळं सांगतो, मुलांना वेगळं. मुलांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. हे आपल्याला लागेल काय? तो मरणार काय? त्याच्याबरोबर खेळलं तर चालेल काय? उत्तरं खोटी न देता, घाबरवूनही न टाकता द्यायची, यासाठीच ते सगळं शिक्षण.

वर्गातल्या मुलांना त्यांचंही एक काम दिलं जातं. कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलाला गोवर, कांजिण्या जिवावर बेतू शकतात. म्हणून वर्गात कुणाला असं काही झालं तर त्याच दिवशी कळवायचं. पोरं हे काम इमानाने करतात, कारण कुणीतरी त्यांना विश्वासात घेतलेलं असतं.

अमेरिकेत याच्यामागे कायद्याचं बळही आहे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ खाली शाळेला मुलासाठी लेखी आराखडा करावा लागतो. साखर कुणी तपासायची, वर्गातून केव्हा उठायची मुभा, परीक्षेत मध्ये थांबता येईल काय, सगळं कागदावर. स्पेशालिस्टने शाळेला सांगितलेलं नुसतं आपुलकीचं राहत नाही, ते त्या कागदात उतरतं.

म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. मी कॉमर्सचा माणूस, माझी नजर आधी जमा-खर्चाकडे जाते. या कामाचं स्वतंत्र बिल विमा कंपनीला लावता येत नाही. पगार रुग्णालयाच्या सर्वसाधारण बजेटमधून किंवा देणग्यांतून निघतो. जे पद उत्पन्न दाखवत नाही, ते काटकसरीच्या वेळी आधी डोळ्यावर येतं, मग ते क्लीव्हलँड असो की कोल्हापूर. शिवाय ही माणसं मुख्यतः रुग्णालयात असतात. शाळेच्याच पगारावर असलेली तिकडेही थोडी. शाळेपर्यंत हात पोचतो तो रुग्णालयाचाच.

आपल्याकडे काय काय आहे

कागदावर बघितलं तर बरंच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते आणि मुलांची तपासणी करते. आजार सापडला की पुढं पाठवणं हे त्यांचं काम. उपचार घेऊन मूल शाळेत परत आल्यावर काय, हे त्यांच्या कामात बसत नाही. २०२० मध्ये आयुष्मान भारत खाली शाळा आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्य दूत'. त्यांनी पोषण, स्वच्छता, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर असे ११ विषय शिकवायचे. ज्या शाळेत शिक्षकच दोन, तिथं दोघंही दूत. वर निवडणूक, सर्वेक्षण आणि पोषण आहाराचा हिशेब आहेच.

गेल्या वर्षी-दीड वर्षात चर्चा झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एक अशी, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा; त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. निकाल महत्त्वाचा आहे यात शंका नाही. पण सीमाभागातल्या खेड्यांकडे बघा. मराठी प्राथमिक शाळेचा पट शंभर असेल तर ती आता मोठी शाळा म्हणायची. खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा चंदगडच्या डोंगरात आकडा दोन अंकी, कुठं कुठं एक अंकी. या शाळांच्या वाट्याला समुपदेशक येणार नाही, 'जोडून घेणं' येणार, आणि जोडायचं कुणाशी हे शोधायचं काम मुख्याध्यापकांवर.

गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात, ती व्यवस्था आपल्यापेक्षा पुढं आहे हे मान्यच करायला हवं. तरी समुपदेशक आणि चाईल्ड लाइफचं काम एक नव्हे. समुपदेशकाकडे मूल जातं ते मन अस्वस्थ झाल्यावर. इथं गोष्ट साधी आणि रोजची आहे. अकरा वाजता सुई कुठं घ्यायची? मुलींच्या बाथरूमला कडी नाही, मग? पीटीच्या तासाला पळायचं की नाही? मन बिघडायच्या आधीची ही कामं आहेत. ती नीट झाली तर बऱ्याच वेळा मन बिघडतही नाही.

टाइप वनच्या मुलांसाठी तुकड्या-तुकड्याने निर्णय झालेत. सीबीएसईने २०१७ मध्ये परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळ, खाणं आणि पाणी नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने राज्यांना पत्र लिहिलं आणि त्यानंतर उत्तर प्रदेशच्या शिक्षण खात्याने शाळांना आदेश काढला: मुलाला साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. केरळची 'मिठायी' योजना तर खास याच मुलांसाठी आहे. नावातच केवढी माया. पण आदेश लागू व्हायचा तर मुलाला मधुमेह आहे हे शाळेला आधी कळायला तर हवं? आमच्या त्या मुलीच्या शाळेत कितीही चांगला आदेश आला असता तरी हजेरीपटावर 'ताप' होता.

कायद्यातही फटी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल त्यात आले, म्हणून त्या मुलांना प्रमाणपत्र मिळू शकतं आणि त्यावर काही सवलती मागता येतात. टाइप वन मधुमेह आणि कर्करोग हे त्या यादीत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारावर उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. म्हणजे पाचवीत आजारी पडलेलं मूल सातवी संपेपर्यंत दवाखाना-शाळा-दवाखाना करत राहणार. त्याच्यासाठी शाळेने काय करावं याचा कागद नाही. गुरुजी चांगले असतील तर निभतं, नसतील तर नाव पटावर राहतं आणि मूल घरात.

सीमेवर कागद थांबतो

आता आपल्या भागाची खरी अडचण. चंदगड, आजरा, गडहिंग्लजची माणसं मोठ्या आजाराला बेळगावला येतात. सावंतवाडी-दोडामार्गची बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला जातात. हा पिढ्यान्पिढ्यांचा रस्ता आहे. राज्याची रेघ नंतर आली. पण पैशाच्या बाबतीत रेघ टोचते. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात केवढं आंदोलन झालं, आठवत असेल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांना देण्याचा निर्णय घेतला, त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला, मोर्चे-निवेदनं झाली. ते भांडण महत्त्वाचंच, मी स्वतः त्याच्या किती बातम्या दिल्यात. पण सगळी चर्चा बिल कोण भरणार इथंच थांबली. या योजनांच्या पॅकेजमध्ये खाट आहे, औषध आहे, शस्त्रक्रिया आहे. मुलाच्या शाळेला एक फोन करायचा, याला कोड नाही.

त्यामुळे होतं असं. दवाखाना एका राज्याच्या आरोग्य खात्याखाली, शाळा दुसऱ्या राज्याच्या शिक्षण खात्याखाली. एकाच जिल्ह्यात असते तर निदान जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत दोन्ही साहेब शेजारी बसले असते. इथं त्यांची गाठ पडायचं कारणच नाही. बेळगावच्या डॉक्टरला चंदगडच्या केंद्रप्रमुखाचं नाव माहीत असण्याचा प्रश्न येत नाही. उलटही तसंच: निपाणी-खानापूरकडचं मूल पुण्या-मुंबईला उपचार घेऊन परत येतं तेव्हा तिथल्या मराठी कागदाचं काय करायचं, हे इथल्या कन्नड कार्यालयाला कळत नाही.

आणि भाषा. मोठ्या माणसाला मोडक्या कन्नडात किंवा हिंदीत समजावलं तर तो मान हलवतो, बाहेर आल्यावर कुणाला तरी विचारतो. मूल विचारत नाही. ते स्वतःच अर्थ लावतं. एका आठ वर्षांच्या मुलाला 'ब्लड काढणार' एवढंच कळलं होतं; सगळं रक्त काढून घेणार असं समजून तो दोन रात्री झोपला नाही, असं त्याच्या आजीने मला सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने त्याला मराठीत सांगितलं, "चमचाभर काढतात रे बाळा, तेवढं परत तयार होतं." झालं काम. त्या बाईंना चाईल्ड लाइफ हा शब्द माहीत नव्हता. पण असं काम शेजारच्या खाटेवर कोण आहे यावर सोडायचं काय?

इंदूर, बडोद्याच्या वाचकांना हे वेगळ्या रूपात ओळखीचं वाटेल. मध्य प्रदेश, गुजरात आणि आपला नंदुरबार-धुळे हा सगळा सिकलसेलचा पट्टा. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या जोरात झाल्या, कार्डं वाटली गेली. पण कार्ड खिशात असलेला मुलगा थंडीत मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या शिक्षेतून सुटतो काय? त्याने वर्गात पुन्हा पुन्हा पाणी प्यायलं आणि लघवीला मागितलं तर गुरुजी त्याला उनाड समजतात काय? सिकलसेलमध्ये पाणी कमी पडणं, थंडी आणि अतिश्रम यांनीच दुखण्याचा झटका येतो. कार्ड तपासणाऱ्याने दिलं, ते वर्गापर्यंत पोचवायचं कुणी?

सांगायचं, पण कुणाला विचारून?

इथं एक गोष्ट मला आधी उमगली नव्हती. माझा पहिला विचार होता, की दवाखान्याने सरळ शाळेला कळवून टाकावं. एका बालरोगतज्ज्ञांशी बोललो तेव्हा त्यांनी थांबवलं. म्हणाले, "मुलीला न विचारता कळवलंत तर ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार नाही." खरंच आहे. आपल्या गावात आजार हा आजार राहत नाही. फिट येणाऱ्या मुलीच्या नाकाला कांदा आणि चप्पल लावणारे आहेत, हातात लोखंडी किल्ली देणारे आहेत. आणि तेच लोक दहा वर्षांनी तिच्या स्थळाची चौकशी करणाऱ्यांच्या कानात सांगणारे. वडिलांची भीती खोटी नाही. लपवण्याबद्दल पालकांना नुसती दूषणं देणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात घ्यायला हवं.

पण लपवण्याची किंमतही बघा. साखर खाली आलेलं मूल पेंगतं, चिडतं, वेड्यासारखं बोलतं. ज्याला माहीत नाही त्याला ती मस्ती वाटते. अशा मुलाला शिक्षा म्हणून उभं केलं आणि ते कोसळलं तर? शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. फिट आलेल्यालाही कुशीवरच वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, पाच मिनिटांवर गेली की दवाखाना. एवढंच ज्ञान. पण ते कुणासाठी वापरायचं हे ठाऊक नसेल तर काय उपयोग?

म्हणून चाईल्ड लाइफवाल्यांची पद्धत मला शहाणपणाची वाटते. ते सुरुवात मुलापासून करतात. सगळ्या गावाला सांगणं आणि कुणालाच न सांगणं यांच्या मधे पायऱ्या असतात. वर्गशिक्षिकेला पूर्ण, मुख्याध्यापकांना गरजेपुरतं, पीटीच्या सरांना एवढंच की 'हिने बसते म्हटलं तर बसू द्या', आणि एका मैत्रिणीला. आमच्या त्या मुलीने ही शेवटची पायरी कुणी न शिकवता स्वतःच निवडली होती. बारा वर्षांच्या पोरीने आपली सुरक्षा दुसऱ्या बारा वर्षांच्या पोरीच्या दप्तरात ठेवली. त्या मैत्रिणीला त्या दिवशी ताप असता तर?

पद नको, काम हवं

उद्या प्रत्येक तालुक्याला चाईल्ड लाइफ स्पेशालिस्ट नेमा, अशी मागणी करून मी मोकळा होऊ शकतो. निवेदन तयार होईल, फोटो निघेल. भरती तर शिक्षकांचीच होत नाही. पण हे काम करू शकणारी माणसं आजही पगारावर आहेत. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद आहे. खासगी मोठ्या दवाखान्यांत एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली असतात, पण त्यांचा दिवस योजनेची कागदपत्रं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि 'प्री-ऑथ' यांतच जातो. शाळेकडच्या बाजूला महाराष्ट्रात गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत, कर्नाटकात प्रत्येक ब्लॉकला तसेच 'बीआयईआरटी' शिक्षक आहेत. दोन टोकांना दोन माणसं आहेत. मधली दोरी नाही.

ती दोरी म्हणजे डिस्चार्जच्या दिवशीचा अर्धा तास आणि एक पान. मुलाला समोर बसवून, त्याच्या भाषेत विचारून लिहिलेलं पान: शाळेने काय जाणायचं, कुणी जाणायचं, त्रास झाला तर पहिली दहा मिनिटं काय करायचं, फोन कुणाला. वर मराठी, खाली कन्नड. आजाराचं नाव घालायचं की नाही हे कुटुंबाने ठरवायचं. पान पालकांच्या हातात द्यायचं, शाळेत न्यायचं की नाही हाही निर्णय त्यांचा; पण आठ दिवसांनी दवाखान्यातून एक फोन करून "दिलं काय?" एवढं विचारायचं. याला सरकारी ठराव लागत नाही, विभागप्रमुखाची इच्छा लागते. खर्च धरायचाच तर त्या माणसाचे महिन्याचे काही तास. एकदा साखर खाली जाऊन मूल आयसीयूत परत आलं, तर एका रात्रीत त्याहून जास्त बिल होतं.

एक धोका मात्र आताच सांगून ठेवतो. हे पान शिक्षकांवर आणखी एक रजिस्टर म्हणून लादलं तर ते दुसऱ्या दिवसापासून खोटं भरलं जाईल. शिक्षकाला त्यातून मदत झाली पाहिजे: 'इंजेक्शन तुम्ही द्यायचं नाही, मुलगी स्वतः घेते, तुम्ही फक्त दार बंद असलेली जागा द्या' असं लेखी आलं की शिक्षकाची निम्मी भीती जाते. आज 'आमच्या अंगावर येईल' म्हणून जे मुख्याध्यापक हात झटकतात, त्यांना नेमकं काय अंगावर येणार आणि काय नाही, हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

मुलगी आता शाळेत जाते. त्या प्रसंगानंतर बाईंनी वडिलांना शाळेत न बोलावता स्वतः संध्याकाळी घरी जाऊन आजीशी आणि आईशी बोलणं केलं. वर्गात काय सांगायचं ते मुलीनेच ठरवलं: "मला वेळेवर खावं लागतं, म्हणून मी मधेच खाते." एवढंच. मुलांनी ते तेवढ्यावरच घेतलं. ग्लुकोजचा पुडा आता शाळेत असतो. मागच्या आठवड्यात त्या बाजूला गेलो तेव्हा कुठं ठेवलाय ते बघितलं. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि ते केंद्रावर मीटिंगला गेले होते. गुळाचा खडा अजून मैत्रिणीच्या दप्तरातच आहे.